एका दिवसाने काय बिघडते?

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ एकदा वर्षभर भारतात राहिले होते. त्या काळातली एक फजिती त्यांनी स्वतःच १९९१ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात लिहून ठेवली आहे. त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ त्यांना भेटायला आले आणि जाताना सामानाच्या मर्यादेमुळे कपड्यांचे एक खोके मागे ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवायचे, एवढेच काम. इथल्या कारभाराची संथ गती आणि अशा बाबतींतला स्वतःचा अडाणीपणा लक्षात घेता त्यात एक अख्खा दिवस मोडेल, असा अकरलॉफ यांचा अंदाज होता. मग आठ महिन्यांहून अधिक काळ रोज सकाळी त्यांनी ठरवले, की खोके उद्या पाठवू. शेवटी मुक्काम संपत आला तेव्हा अमेरिकेला परतणाऱ्या दुसऱ्या एका मित्राच्या सामानात ते टाकायचे ठरले. खोके ठेवणाऱ्याला आणि खोके न पाठवणाऱ्याला पुढे २००१ साली मायकेल स्पेन्स यांच्यासोबत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा इथे बुद्धी कमी पडली असे म्हणायला जागा नाही.

या प्रसंगावर अकरलॉफ यांनी केलेला विचार अगदी साधा आहे. खोके आज पाठवायचे तर आजचा दिवस जाणार, हे डोळ्यांसमोर दिसते. उद्या पाठवले तर मित्राचे काय अडणार आहे? एका दिवसाचा उशीर, बस. तुलना केली की उद्या जिंकतो. दुसरा दिवस उजाडतो तेव्हा परिस्थिती तसूभरही बदललेली नसते. तोच आजचा त्रास, तोच एका दिवसाचा क्षुल्लक उशीर, आणि म्हणून उत्तरही तेच. कुठल्याही एका दिवसाचा निर्णय सुटा घेतला तर त्यात खोट काढता येत नाही. खोट आहे ती बेरजेत, आणि बेरीज रोज कोणी करत नाही. चालढकलीबद्दल आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा आळस, शिस्त, निश्चय या भाषेत. पण अकरलॉफ यांच्याकडे निश्चयाची टंचाई नव्हतीच, त्यांनी तर तो रोज केला. मला म्हणायचे आहे ते इतकेच, की जे काम आज करायचे की नाही हे रोज सकाळी नव्याने ठरवावे लागते ते मागे पडणारच. म्हणून मन खंबीर करण्याच्या खटाटोपापेक्षा ठरवण्याचे प्रसंग कमी करणे जास्त उपयोगाचे.

महाराष्ट्रात या बेरजेचा मोठा पुरावा तलाठ्याच्या दप्तरात सापडतो. वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४९ सांगते. तरी आजोबा जाऊन वीस वर्षे झाली आणि सातबाऱ्यावर नाव अजून आजोबांचेच, ही गोष्ट गावोगाव ऐकू येते. अखेर २०२५ च्या एप्रिलपासून सरकारला राज्यभर ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला घ्यावी लागली. यामागे भावकीतले वाद असतात, बहिणींची नावे लावण्यावरून कुरबुरी असतात, दाखल्यांसाठीचे हेलपाटे असतात. या सगळ्याला चालढकल म्हणणे अन्यायाचे होईल. पण जिथे काही वाद नाही त्या घरांतही नोंद राहून गेलेली असते, कारण जमीन कसताना सातबाऱ्यावरचे नाव आडवे येत नाही. ते आडवे येते कर्ज काढताना, जमीन विकताना, किंवा ती रस्त्यात गेल्यावर मोबदला घेताना. तोवर नोंद आज केली काय आणि दिवाळीनंतर केली काय, फरक दिसत नाही. शहरी नोकरदारांचे वागणे निराळे आहे असे कोणी समजू नये. ३१ जुलै २०२४ पर्यंत देशात प्राप्तिकराची ७ कोटी २८ लाखांहून अधिक विवरणपत्रे भरली गेली आणि त्यांतली जवळपास ७० लाख एकट्या शेवटच्या दिवशी. नोकरदाराच्या हाती फॉर्म १६ जूनच्या मध्याला येतो. पुढचा दीड महिना तो मेलमध्ये पडून असतो.

मग हा आळसच की, असे कोणी म्हणेल. पण आळशी माणूस स्वस्थ बसतो, आणि काम टाळणारा माणूस बहुधा स्वस्थ बसलेला नसतो. परीक्षा जवळ आली की कपाट आवरले जाते, अहवाल लिहायचा असतो त्या दिवशी जुने ईमेल निकाली निघतात. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. काम नकोसे वाटणे आणि समोरच्या मोहाला पटकन बळी पडण्याचा स्वभाव, या दोन गोष्टींचा चालढकलीशी घट्ट संबंध त्यांना आढळला. ‘मला सगळे अगदी परिपूर्ण लागते, म्हणून उशीर होतो’ हे जे आवडते समर्थन आहे, त्याला मात्र या आढाव्यातून फारसा आधार मिळाला नाही. डायन ताइस, एलेन ब्रात्स्लाव्स्की आणि रॉय बाउमायस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याहून बोलका आहे. त्यांनी आधी काही विद्यार्थ्यांचे मन उदास केले, मग गणिताच्या चाचणीआधी सरावाला थोडा वेळ दिला आणि खोलीत मन रमवायची साधनेही ठेवली. उदास मुलांनी सरावाचा बराच वेळ त्या साधनांत घालवला. पण त्यांतल्या काहींना सांगितले होते, की खोलीतल्या सुगंधी मेणबत्तीमुळे तुमची मनःस्थिती आता काही वेळ आहे तशीच राहील, काही केले तरी बदलणार नाही. या मुलांनी वेळ घालवला नाही. करमणुकीने बरे वाटणारच नसेल तर करमणूक कशाला? म्हणजे काम टाळून माणूस जे मिळवतो तो आराम नसतो, ती कामाच्या विचाराने येणाऱ्या घालमेलीतून घटकाभराची सुटका असते. अकरलॉफ यांच्या तराजूत आजचे पारडे इतके जड का होते, याचे उत्तर इथे आहे. पोस्टात जायला लागणारा वेळ त्यात असतोच, पण त्या जाण्याची धास्तीही असते, आणि ही धास्ती फक्त आजच्या कामालाच चिकटते. उद्याच्या कामाची धास्ती आज वाटत नाही.

याच्याविरुद्ध हमखास दिला जाणारा दाखला म्हणजे शेवटच्या क्षणी होणारे उत्तम काम. दबाव आल्याशिवाय माझे डोकेच चालत नाही, असे अनेक जण अभिमानाने सांगतात. दिवाळी अंकांच्या संपादकांना यावर बरेच काही सांगता येईल, पण त्यांचे म्हणणे छापण्याजोगे नसेल. ताइस आणि बाउमायस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाची सत्रभर पाहणी केली, तेव्हा चित्र मोठे मजेशीर निघाले. सत्राच्या सुरुवातीला कामे पुढे ढकलणारी मुले इतरांपेक्षा खरोखरच निवांत होती, त्यांची दुखणीही कमी होती. म्हणजे चालढकलीचा फायदा काल्पनिक नाही, तो रोख मिळतो. सत्र संपत आले तेव्हा मात्र ताण आणि आजारपण दोन्ही उलटले, एकूण हिशेबात तीच मुले जास्त आजारी पडली आणि त्यांना गुणही कमी मिळाले. दबावाखाली काम होते हे खरे आहे. पण ते चांगले होते असे वाटण्याचे एक कारण असे, की निवांतपणे केलेले तेच काम शेजारी ठेवून बघायची संधी कधी मिळालेली नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. थांबणे नेहमीच चूक असते का? घर घ्यायचे की नाही, मुलीचे स्थळ, शस्त्रक्रिया करायची की दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे, अशा बाबतींत घाई करणाराच फसतो. बरोबर आहे. फरक ओळखायची खूण अशी, की उद्या मला काय नवे कळणार आहे हे सांगता आले पाहिजे. तपासणीचा अहवाल यायचा असेल, भावाशी बोलणे व्हायचे असेल, तर ते थांबणे शहाणपणाचे. उद्या सगळे आजच्यासारखेच असणार असेल तर ती चालढकल, मग तिला विचारविनिमय म्हणा किंवा मुहूर्त. आपल्याकडे तर थांबणाऱ्याला सरकारनेच बक्षीस दिलेले आहे, ही गोष्टही लपवण्यात अर्थ नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवण्यासाठी महाराष्ट्रात ३१ मार्च २०२५ ही मुदत होती, आणि ती त्या वर्षात एकामागून एक वाढतच गेली. ज्यांनी पहिल्या मुदतीत रांगा लावल्या त्यांना काय मिळाले? पॅन आणि आधार जोडण्याच्या मुदतीचेही असेच झाले. अशा ठिकाणी वाट पाहणारा नागरिक आळशी नाही, तो अनुभवाने शहाणा झाला आहे, आणि दोष मुदत देऊन ती न पाळणाऱ्याचा आहे. पण ही सवय जिथे मुदत कोणी दिलेलीच नाही तिथेही आपल्या अंगी लागते, आणि तिथे ती महाग पडते. दुखऱ्या दाढेला मुदतवाढ मिळत नाही.

आता उपायाकडे यायचे तर आधी एक निराशाजनक आकडा. जेम्स चोई, डेव्हिड लेबसन, ब्रिजिट मॅड्रियन आणि अँड्र्यू मेट्रिक यांनी एका अमेरिकी कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना निवृत्तीसाठीच्या बचतीबद्दल विचारले. दर शंभरांत ६८ जण म्हणाले, आपली बचत कमी पडते. त्यांतल्या २४ जणांनी येत्या काही महिन्यांत ती वाढवायचे ठरवलेही. प्रत्यक्षात वाढवली ती तिघांनी. पटलेले होते, ठरलेले होते, करायचे होते ते केवळ एक अर्ज भरणे. इतके असूनही शंभरांत तीन! सुभाषितांनी, प्रेरणादायी व्याख्यानांनी आणि एक जानेवारीच्या संकल्पांनी का भागत नाही, ते या आकड्यात दिसते. माणसाला पटवून देणे ही अडचण नसतेच.

अडचण कुठे असते हे पश्चिम केनियातल्या मक्याच्या शेतांत फार स्वच्छ दिसले. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन तिथे खतांच्या वापराचा अभ्यास करत होते. थोडेसे खत घातले तर फायदा होतो, हे शेतकऱ्यांना माहीत होते. पुढच्या हंगामात खत वापरणार का, असे विचारल्यावर जवळपास सगळेच हो म्हणत, आणि वापरत त्यांतले निम्म्याहूनही कमी. कारण शोधले तर आपल्या शेतकऱ्यालाही ओळखीचे वाटेल असे निघाले. सुगी झाली की हातात पैसा असतो, पण खत लागणार असते काही महिन्यांनी. आज बाजाराला खेप कशाला, आहे की वेळ. पेरणीची वेळ येते तोवर पैसा लग्नकार्यात, आजारपणात, फीमध्ये गेलेला असतो. संशोधकांनी केले ते इतकेच, की सुगीनंतर लगेच शेतकऱ्याच्या दारात जाऊन खताचे पैसे आगाऊ घेतले आणि खत घरपोच देण्याची जबाबदारी घेतली. भावात सूट नव्हती, फक्त पोहोचवणे फुकट होते. खत वापरणाऱ्यांचे प्रमाण त्याने ४७ ते ७० टक्क्यांनी वाढले. पुढे ऐन हंगामात किंमत निम्म्यावर आणली तरी याहून जास्त परिणाम होत नाही, असे त्यांनी दाखवले. निम्मी किंमत सोसण्यापेक्षा योग्य दिवशी दार ठोठावणे स्वस्त पडले, ही गोष्ट अनुदानाच्या योजना आखणाऱ्यांनी नीट वाचण्यासारखी आहे.

उदयपूर जिल्ह्यातला प्रयोग याच जातीचा. अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ या संस्थेच्या मदतीने तिथे बाळांच्या लसीकरणाचा प्रश्न हाती घेतला. लसीला गावात मोठा विरोध असेल, तर शिबिरे भरवून आणि खाऊ वाटून काही व्हायला नको होते. पण नेहमीच्या व्यवस्थेत सहा टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण होत होते, तिथे दर महिन्याला ठरल्या दिवशी खात्रीने शिबिर भरवल्यावर ते १८ टक्क्यांवर गेले. शिबिराला येणाऱ्या आईला दर लसीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच द्यायला लागल्यावर ते ३९ टक्क्यांवर गेले. किलोभर डाळीसाठी कोणी आपल्या श्रद्धा बदलत नाही. बाळाला आज टोचले तर आज रडणार, आजची मजुरी बुडणार, आणि फायदा होणार तो कधीतरी, तोही दिसणार नाही असा. तराजूच्या आजच्या पारड्यात डाळ पडली आणि निर्णय फिरला. लस महत्त्वाची आहे हे कळत नाही म्हणून लोक टाळतात, अशा समजुतीने आपण भिंती रंगवत राहतो. त्यापेक्षा परिचारिका ठरल्या दिवशी हजर राहील हे बघणे जास्त निकडीचे आहे.

घरातल्या घरात हे कसे करायचे? तिथे दार ठोठावायला संशोधक येत नाहीत, आणि स्वतःच स्वतःला डाळ देण्यात फसवणुकीला वाव भरपूर. तरी तत्त्व तेच लागू पडते. निर्णय अशा वेळी घ्यायचा, की जेव्हा तो महाग वाटत नाही, आणि मग तो मोडायला कष्ट पडतील अशी व्यवस्था करायची. दरमहा बचत करणाऱ्याने पाच तारखेला मन घट्ट करण्याऐवजी बँकेला एकदा कायमची सूचना देऊन ठेवावी. दातांच्या डॉक्टरची पुढची वेळ त्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच घ्यावी. जे काम यंत्रावर सोडता येत नाही त्याला जागा आणि घटिका नेमून द्यावी. पीटर गोलविट्झर आणि वेरोनिका ब्रँडश्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत एक छोटा अहवाल दोन दिवसांत लिहून पाठवायला सांगितला. त्यांतल्या काहींकडून तो कुठे बसून, किती वाजता लिहिणार, एवढेच आधी वदवून घेतले. अशांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांनी वेळेत पाठवला, बाकीच्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशांनी. परिणाम नेहमीच असा घसघशीत नसतो. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी एका कंपनीत फ्लूच्या लसीसाठी कर्मचाऱ्यांना तारीख आणि वेळ लिहून ठेवायला लावली, तेव्हा लस घेणारे ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले, इतकेच. पण एका ओळीच्या बदल्यात चार टक्के हा सौदा वाईट नाही. मुदत दुसऱ्याच्या हाती दिलेली बरी, हेही डॅन अरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी एमआयटीत दाखवून दिले. तीन निबंधांसाठी शिक्षकांनी समान अंतराच्या तारखा घालून दिलेल्या वर्गाला, स्वतःच्या तारखा स्वतः ठरवणाऱ्या वर्गापेक्षा चांगले गुण मिळाले. म्हणून लिहायचे असेल तर कोणाला तरी तारीख सांगून बसावे, आणि तो माणूस भिडस्त नसावा.

राहून गेलेल्या कामाबद्दल स्वतःला कोसत बसणे मात्र सोडून द्यावे. ते सभ्यपणाचे दिसते, पण त्याने काम आणखी नकोसे होते. कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये पाहिले, की पहिल्या परीक्षेचा अभ्यास टाळल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली.

या सगळ्यावर एक आक्षेप उरतो, आणि तो मला अर्धा मान्य आहे. काम पुढे ढकलले जाते ते कित्येकदा सवड नसते म्हणून. स्वतःची रक्तातली साखर तपासायला वर्षभर न गेलेली गृहिणी चालढकल करते आहे, असे घरातले म्हणतात. तिच्या दिवसात सासऱ्यांची औषधे, मुलांचा डबा आणि पाण्याची वेळ बसवल्यावर काय उरते ते कोणी मोजत नाही. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा २०१३ चा अभ्यास सांगतो, की कापणीपूर्वीच्या ओढगस्तीत तेच शेतकरी विचारशक्तीच्या चाचण्यांत कमी पडतात आणि पैसे हाती आल्यावर सुधारतात. अशा माणसांना तारीख लिहून ठेवा म्हणून सांगणे कोरडे आहे, त्यांच्या डोक्यावरचे एखादे ओझे दुसऱ्याने उचलले पाहिजे. कोणाचे प्रत्येकच काम, आवडीचेसुद्धा, महिनोन्‌महिने अडून राहत असेल, तर त्यामागे नैराश्य किंवा एकाग्रतेचा विकार असू शकतो आणि तिथे डॉक्टरचाच सल्ला घ्यावा. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मला मान्य नाही. यंत्राच्या, तारखेच्या, दुसऱ्याच्या मदतीने केलेले काम म्हणजे कुबड्या घेऊन चालणे, त्यात स्वतःचे कर्तृत्व कोणते, असे काही जण विचारतात. सातबाऱ्यावर नाव लागले की नाही, एवढे बघावे. ते कोणत्या निर्धाराने लागले याची नोंद तलाठी घेत नाही.

दहा वर्षे ज्यांना कोणी हात लावला नाही अशा बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. त्यांतले किती केवळ चालढकलीचे हे सांगता येणार नाही, पण खात्याला नॉमिनी नाही आणि घरच्यांना खाते ठाऊक नाही, ही त्यामागची नेहमीची कारणे. हा पैसा बुडत नाही, वारसांना मागता येतो, आणि अनेक बँकांतल्या अशा ठेवी एकत्र शोधायला ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. नॉमिनीचा अर्ज दोन पानांचाही नसतो, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. वाचकहो, घरातल्या सगळ्यांची पासबुके एकदा काढा. ज्या खात्याला नॉमिनी नाही त्यासाठी बँकेत कोण जाणार आणि कोणत्या वारी किती वाजता, हे लिहून शेजारच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा.